बांधशेजाऱ्याची साक्ष

सुरवसेबाई यादी वाचताना चष्मा लावत नसत. अनुदान मिळालेल्या प्रत्येक शेतकऱ्याचे नाव, गट नंबर आणि रक्कम त्यांना आधीच पाठ असे. हातातला कागद केवळ पुराव्यापुरता. ग्रामसभेत एक नाव उच्चारून त्या थांबत आणि अनुदानातून घेतलेल्या वस्तूबद्दल विचारीत, "हाय का रानात?" उत्तर त्या शेतकऱ्याने द्यायचे नाही, त्याच्या बांधशेजाऱ्याने द्यायचे, हा त्यांचा नियम. तो कोणत्याही शासन निर्णयात नव्हता.

माढा तालुक्यातल्या आमच्या गावच्या त्या कृषी सहायक. मी कृषी पदवी घेऊन अधिकारीपदाच्या परीक्षेची तयारी करत होते आणि त्यांच्या हाताखाली संगणकावर नोंदी करण्याचे कंत्राटी काम करत होते. यादी संकेतस्थळावर आहे, प्रत्येक ठिबक सिंचन संचाचा ठिकाणासह फोटो आहे, मग हा जाहीर वाचनाचा खटाटोप कशाला, असे मी एकदा विचारले.

"शास्त्रज्ञबाई, फोटो एका दिवसाचा आसतोय," त्या म्हणाल्या. "शेजारी रोज बगतोय की."

गावाला हे वाचन आवडे असे नाही. माझ्या सुनेने किती साड्या घेतल्या तेही वाचा, असे एकाने भर सभेत सुनावले होते. "सरकारच्या पैशानं घेतल्या आसल्या तर वाचते," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि पुढचे नाव घेतले.

त्या वर्षी ठिबकच्या यादीत अण्णांचे, माझ्या वडिलांचे, नाव होते. सभेच्या चार दिवस आधी मी सहज रानात गेले, तर उसात एकही नळी नव्हती. तपासणीचा फोटो निघून अनुदान जमा झाल्यावर अण्णांनी सगळा संच बार्शीच्या एका ओळखीच्या बागायतदाराला विकला होता. मी जाब विचारला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुझ्या क्लासची फी कुटनं आली आसंल?"

पुढचे दिवस मी केवळ शक्यता मोजत काढले. सभा तहकूब होईल. आमचे बांधशेजारी भीमातात्या परगावी जातील. सभेच्या आदल्या दिवशी धीर सुटला आणि मी बाईंकडे जाऊन ती एक ओळ गाळण्याची विनंती केली. त्या रागावल्या नाहीत. यादीची घडी करून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"गाळायची आसंल तर तूच गाळ. उद्या वाचायचं तू."

दुसऱ्या दिवशी मी वाचू लागले. अण्णांचे नाव आले आणि मी ते वाचले. का वाचले, हे आजही नेमके सांगता येत नाही. रानात आहे का, असे विचारले. ज्यांच्या कडेवर मी वाढले ते भीमातात्या आधी माझ्याकडे, मग अण्णांकडे पाहत राहिले.

"हाय की," ते म्हणाले. "लई झ्याक हाय."

बाई मागे बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली, पण हरकत घेतली नाही. शेजारी मायेपोटीही खोटे बोलू शकतो, हा त्यांच्या पद्धतीतला दोष मला त्या क्षणी दिसला. आणि त्याचा लाभ घ्यायला माझ्याइतके सोयीच्या जागी कोणीच उभे नव्हते.

"न्हाय, तात्या," मी म्हणाले. "आमच्या रानात ठिबक न्हाय."

अण्णा उठून गेले. वसुलीची नोटीस आली, क्लास सुटला. महिनाभरात बाईंची दूरच्या तालुक्यात बदली झाली. त्यांना निरोप देताना, एसटीची वाट पाहत, मी भीमातात्यांच्या खोट्या साक्षीबद्दल कडवटपणे काही बोलले, तेव्हा बाईंनी मला थांबवले. "त्येंच्यावर राग धरू नगंस. त्येंचं नाव यील तवा साक्ष तुझ्या अण्णालाच द्यायची हाय."

यंदाच्या यादीत भीमातात्यांचे नाव आहे. नवे सहायक ती भिंतीवर चिकटवून निघून गेले. सभा परवा आहे. यादी मी वाचणार, असे सरपंचांना कळवले आहे. अण्णा अजून माझ्याशी बोलत नाहीत. ते सभेला आले, तर काय उत्तर देतील याचा मला अंदाज बांधता येत नाही.