फारोच्या मनाची काळजी

हे मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. मी ज्यू नाही, मला हिब्रू येत नाही, आणि आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. ज्या ग्रंथावर शतकानुशतकं विद्वान भांडत आले, त्यावर विठ्ठलवाडीच्या पोराने मत देणं हा आगाऊपणाच आहे. जाणकारांनी माफ करावं. पण त्या विद्वानांचा मला जो राग आला, तो कुठेतरी मांडून ठेवावासा वाटतो.

सुरुवात कॉलेजच्या प्रकल्पामुळे झाली. जिल्ह्यातल्या एखाद्या समाजाचे सण लिहून आणायचे होते. माझ्या वाट्याला बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू, आले. ठाण्यात सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराच्या, जवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक बोलायला तयार झाले. मी त्यांना काका म्हणू लागलो. शनिवार ते पाळायचे, म्हणून मी रविवारी सकाळी जायचो.

काका मिसरची, म्हणजे इजिप्तची, गोष्ट सांगायचे. तिथे गुलामीत विटा पाडणारे इस्राएली लोक, त्यांना राबवणारा राजा फारो, त्यांना सोडवायला आलेला मोशे, आणि फारो ऐकेना म्हणून देवाने देशावर पाठवलेल्या दहा पीडा: नदीचं रक्त झालं, मग बेडूक, माश्या, असं एकामागून एक. मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो, तरी ओळखीची वाटली. कारण आमच्या घरीही जेवताना रोज एका फारोचा विषय निघायचा. त्याचा वागळे इस्टेटमध्ये प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचा, कारखाना होता आणि माझे पप्पा तिथे ॲसिडच्या टाक्यांवर होते. खोकून खोकून त्यांचा आवाज बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, टाक्यांवरून उठा. या वयात दुसरीकडे कोण घेणार, म्हणून नोकरी सोडता येत नव्हती. पण शेजारच्याच खोलीत पॅकिंग चालायचं. शेठने तिथे बसवलं असतं तरी भागलं असतं. आम्हाला तेवढंच हवं होतं.

शेठ हो म्हणायचा, हीच तर त्याची कला. धूर बाहेर फेकणारा पंखा जळून टाक्यांचा धूर कोंडला तेव्हा म्हणाला, उद्यापासून पॅकिंगला बस. पंखा दुरुस्त झाला आणि शेठ विसरला. तपासणीवाले आले तेव्हा पुन्हा हो. ते गेल्यावर, "अरे, सीझन आहे, दिवाळी जाऊ दे." पप्पा टाकीशेजारी चक्कर येऊन पडले तेव्हा त्याने स्वतः लिंबूसरबत पाजलं, डोळ्यांत पाणी आणून शब्द दिला. अंगात धड ताकद यायच्या आत पप्पा परत टाकीवर.

"तुमचा फारोपण असाच आहे," मी काकांना म्हणालो. "बेडूक आले की जा म्हणतो, बेडूक गेले की पलटी मारतो."

काका खुशीत आले. "बेडकांचं ऐक. ग्रंथाचा अर्थ लावणारे आमचे काही जुने टीकाकार म्हणतात, नदीतून एकच बेडूक वर आला होता. मिसरचे लोक चिडून त्याला झोडपायला लागले, तर प्रत्येक फटक्याला त्याच्यातून आणखी बेडूक बाहेर पडले. तरी हे झोडपतच राहिले."

मी पोट धरून हसलो. इथपर्यंतची टीका मला पटत होती.

मग ते फारोच्या मनाकडे वळले. ग्रंथात म्हणे पुढे पुढे देवानेच त्याचं मन कठीण केलं. मग त्याचा दोष कसा? या प्रश्नाने पिढ्यानपिढ्या विद्वानांची झोप उडवली. कुणी म्हणालं, आधीच्या पीडांना त्याने स्वतःच नकार दिला, नंतर नकाराची सवयच लागली. कुणी म्हणालं, देवाने त्याला फक्त सोसायचं बळ दिलं, म्हणजे तो घाबरून नाही, मनापासून ठरवेल. काय ही काळजी! विटा पाडणाऱ्यांच्या पाठी मोडल्या ते दोन ओळींत उरकायचं, आणि राजाच्या मनावर पानंच्या पानं. आम्ही बौद्ध, आमच्याकडे देव नाही, त्यामुळे देवाची बाजू सावरायची मला सवय नाही. हे लोक तर राजाचीही सावरत होते.

आमच्या प्राध्यापकांनी त्यावर कडी केली. नदी शेवाळाने लाल झाली असेल, म्हणून बेडूक बाहेर आले, ते मेले म्हणून माश्या झाल्या, असं त्यांनी वर्गात फळ्यावर बाण काढून जुळवून दाखवलं. सगळ्याला कारण सापडलं. माणसांना गुलाम का केलं, याला बाण काढायची त्यांना गरज वाटली नाही.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून सुटल्याच्या सणाच्या, संध्याकाळी काकांनी मला जेवायला बोलावलं. काकूंनी काळ्या मनुकांचं सरबत केलं होतं. पीडांची नावं वाचली जाताना प्रत्येकाने पेल्यात बोट बुडवून एकेक थेंब ताटलीत टाकायचा. मी पहिला थेंब टाकला आणि बोट चाटलं.

"अरे अरे, चाटतोस काय!" काकू ओरडल्या. "पीडा आहे ती!"

"गोड लागली वाटतं," काका म्हणाले. मग त्यांनी समजावलं. पाठलाग करणारा शत्रू शेवटी समुद्रात बुडाला तरी माणसंच बुडाली, म्हणून आपल्या आनंदाचा पेला तेवढा कमी करायचा.

"फारोसाठी पण?"

"त्याच्यासाठी पण."

"मग मी नाही टाकणार, काका."

"नको टाकूस," काकू म्हणाल्या. "पण बोट पूस आधी."

उरलेल्या पीडा मी हात मांडीवर ठेवून ऐकल्या आणि सरबत सगळं प्यायलो. कुणी मला काही बोललं नाही, उलट काकूंनी ताटात जास्तच वाढलं. माणसं चांगलीच होती. पण त्यांना सुटून हजारो वर्षं झाली होती, त्यांना थेंब परवडत होता. माझे पप्पा सकाळी परत टाकीवर जाणार होते. मला आजही त्या पेल्याचं वाईट वाटत नाही.

पुढे काही आठवड्यांनी मी कल्याणच्या लायब्ररीत प्रकल्प पुरा करत बसलेलो. भर दुपारी पप्पांचा फोन आला. कामावरून ते कधीच फोन करत नसत. मी धावत जिन्यात आलो.

"पप्पा, काय झालं? परत चक्कर आली?"

"नाय रे, मी बरा आहे. शेठने कारखाना विकला. टाक्या टेम्पोत चढवतायत. आम्हाला म्हणाला, जा आता, उद्यापासून कोणी येऊ नका."

"आणि पॅकिंगवाले?"

"ते पण," पप्पा म्हणाले. "सगळेच."