बादलीखालचं स्टूल

कापलेल्या धाग्यांची टोकं मी एका बिस्किटाच्या डब्यात टाकत असे. फेकून द्यायचीच असायची, पण केर काढताना झाडूत अडकायची म्हणून. महिन्याभरात डबा भरायचा. खोतसरांचे किस्सेही माझ्याकडे असेच साठले. कुणी मुद्दाम सांगितले नाहीत, काम करता करता पायाशी पडत गेले.

वाशीची वस्ती नवी होती तेव्हाची ही गोष्ट. उरणच्या रस्त्यावर आमचा गुरांचा दवाखाना होता. मी तिथला शिपाई. शिक्षण चौथी. हत्यारं उकळायची, जनावर धरायचं, चहा करायचा, ही माझी कामं. वर्षातून दोनदा खाडीपूल ओलांडून मुंबईहून व्हेटर्नरीची मुलं पंधरा दिवसांच्या कॅम्पला यायची. टाके कसे घालायचे ते दवाखान्याचे डॉक्टर, खोतसर, त्यांना शिकवायचे.

*

पहिले दोन दिवस पेशंट म्हणजे केळं. सालीला चीर द्यायची आणि ती शिवायची. अट एकच, सुई आतल्या गराला लागता कामा नये. शिवलेली केळी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी सर साल सोलायचे. जिथे सुई गराला टोचली असेल तिथे काळा डाग.

"बघ," सर म्हणायचे, "तू विसरलास, पण पेशंट विसरला नाही."

एकदा एका मुलाचं केळं सकाळी जागेवर नव्हतं. नुसती शिवलेली साल होती, आत काही नाही. रात्री त्याला भूक लागली होती. सरांनी साल उलटसुलट करून पाहिली. "टाके चांगले आहेत," ते म्हणाले, "पण पेशंटला डिस्चार्ज कुठून दिलास?"

*

केळ्यांनंतर बादली. हा सरांचा स्वतःचा नियम, दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

व्हरांड्याच्या वाशाला एक हूक होता. जाड नायलॉनचा धागा हुकातून आणि छोट्या बादलीच्या कडीतून घेऊन मुलाने गाठ बांधायची. मग मी बादलीत पाणी भरायचो. ज्याने गाठ बांधली त्यानेच खाली स्टुलावर बसायचं आणि एक कप चहा प्यायचा, सावकाश. पहिला फेर एका बाजूने घेतला तर दुसरा उलट्या बाजूने घ्यावा लागतो. दोन्ही एकाच बाजूने घेतले की गाठ दिसते छान, पण नायलॉन हळूहळू सरकत राहतो. चहा अर्धा होईपर्यंत काही होत नाही. मग होतं.

चहा पूर्ण पिऊन कोरडा उठला तोच जिवंत जनावराला हात लावणार. बाकीच्यांनी टॉवेल घ्यायचा आणि पुन्हा बांधायचं.

*

सुलभा नावाची मुलगी होती. पुस्तकात हुशार, पण धागा हातात घेतला की बोटं थरथरायची. आदल्या कॅम्पला चार वेळा भिजली आणि जनावराला हात न लावताच परत गेली. या वेळी पुन्हा आली होती. तिचे वडील डोंबिवलीचे, बँकेत क्लार्क. त्यांनी तिच्यासाठी एका ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता. या खेपेला जमलं नाही तर शेवटच्या दिवशी येऊन घेऊन जाणार आणि कॉलेज बंद, असं त्यांनी सांगितलं होतं. हे तिनेच मला टॉवेल परत देताना सांगितलं.

मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिचा नंबर आला तेव्हा मी बादली अर्धीच भरली. तिचा चहा संपला, गाठ टिकली. पोरगी हसली.

सरांनी बादलीला बोट लावून पाहिलं. ती हलकी हलली. "सखाराम," ते हळूच म्हणाले, "टाके घातलेला बैल उठताना अर्धा उठतो का रे?"

सुलभाने स्वतःच गाठ सोडली आणि नवा धागा मागितला.

*

एका दुपारी सर सगळ्यांना खाडीवर घेऊन गेले. तिथे धोंडूबाबा म्हणून म्हातारे कोळी जाळं विणत बसायचे. सर त्यांच्या समोर मातीत बसले. "बाबा, पोरांना गाठ दाखवा."

बाबांनी मुलांच्या गाठी आधी बघितल्या. एकेक ओढली आणि सोडून दिली. "यान मासली ऱ्हानार नाय. डाक्टर, तुमी शिकवलाव ह्यांना?"

"मीच," सर म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडे आणलं."

सुलभाने पाहिलं, बाबांचे हातही थरथरत होते. वयाने. तरी गाठ दगडासारखी. तिने विचारलं, "बाबा, हात हलतो तरी कसं जमतं?"

"हलूदे की. ओढताना श्वास सोड. श्वास धरलास का बोटां पन धरतान."

सरांनी खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. इतकी वर्षं शिकवणारा माणूस, पण मुलांसमोर लिहून घेतलं.

*

शेवटच्या दिवशी सुलभाचे वडील अकरा वाजताच आले. तिची बॅग त्यांनी स्वतः उचलून हातात धरली होती. सरांना त्याच दुपारी मुंबईला कॉलेजात मीटिंग होती, म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"सर, तुम्ही खूप केलंत," वडील म्हणाले. "पण सगळ्यांना सगळं जमत नाही. हिला तुमच्यासमोर दोनदा संधी मिळाली."

"तिचा आजचा नंबर राहिला आहे," सर म्हणाले. "पाच मिनिटं."

सुलभा हुकाखाली उभी राहिली. बोटं थरथरत होती, ते मला लांबूनही दिसत होतं. पहिला फेर घेतला. दुसरा उलट घेतला. ओढताना तिने श्वास सोडला, तो व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू आला.

मी बादली भरली. सरांनी टाचा उंचावून पाहिलं. "काठोकाठ, सखाराम."

मी काठोकाठ भरली.

सुलभा स्टुलाकडे निघाली, तेवढ्यात सर तिच्या आधी जाऊन त्यावर बसले.

"सर, मी बसते ना. नियम आहे."

"गाठ बांधून झाली, डॉक्टरचं काम संपलं," सर म्हणाले. "आता पेशंटचं काम. सखाराम, चहा आण. गरम आण, म्हणजे प्यायला वेळ लागेल."

मी चहा आणला. सर फुंकून फुंकून प्यायले. बादलीतून एक थेंब त्यांच्या खांद्यावर पडला, शर्टवर डाग उमटला. कुणी हललं नाही. सरांनी वरही पाहिलं नाही. कप रिकामा झाला, तो त्यांनी माझ्याकडे दिला.

"अजून अर्धा," ते म्हणाले.

सुलभाचे वडील तिच्याकडे पाहत उभे होते. मग त्यांनी बॅग खाली ठेवली, कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं आणि बादलीखाली सरांना चिकटून बसले.

"मलाही अर्धा चालेल," ते म्हणाले.