पेंढ्यावरचा पहारा

त्याचं नाव लिहीत नाही. बिचाऱ्याचं पेन्शन चालू असेल. नव्वदच्या दशकात तुर्भ्याच्या एका प्रयोगशाळेत मी भाताच्या पेंढ्यापासून गाडीत जाळायचं अल्कोहोल स्वस्तात काढायला धडपडत होतो. अल्कोहोल म्हटलं की अबकारी खात्याचा शिपाई आलाच. आमचा जवळच्याच करावे गावचा होता. कडक इस्त्रीच्या खाकीत तो रोज रिकाम्या कपाटापाशी स्टुलावर बसायचा. मांडीवर कुलूप, खिशात सील करायची लाख. बंदोबस्त जय्यत होता, पण पेंढा काही केल्या आंबत नव्हता.

“गाववाले हसतात, साहेब,” तो म्हणायचा. “बोलतात, पेंढ्यावर कसला पहारा? म्हस खाऊन जानार हाय का?”

एक दिवस तो मांडीवरचं कुलूप नुसतं उलटंपालटं करत बसला होता. मग म्हणाला, “या महिन्यात काय निघालं नाय तर माजी बदली. आता कुठं घरचं जेवन मिललंय, साहेब.”

तो चहाला गेल्यावर मी काचसामान पुसायचं स्पिरिट प्रयोगाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. त्याच्यासाठी ओतलं, असं मी आजवर मनाला सांगत आलो. खरं तर प्रयोग बंद पडायची भीती मलाच जास्त होती.

भरलेली बाटली दिसताच त्याने टोपी सरळ केली आणि तिला सलाम ठोकला. मग लाख वितळवून शिक्का मारला, बाटली कपाटात ठेवली आणि एकदाचं ते कुलूप लावलं.

पुढे रोज आल्याआल्या मी विचारायचो, “कुलूप पक्कं आहे ना?”

“टेन्शन नको, साहेब. तुमची येवढी मेहनत हाय आत. मी हाय तवर कोनाला उघडू देनार नाय.”