गाडीला लावलेला शिंगांचा रंग

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ताई माहेरी आली होती आणि सहा दिवसांनी तिला न्यायला भाऊजी आले ते नव्या कोऱ्या मोटारसायकलवरून. मलकापूरहून निघून, बुलढाण्याचा घाट चढून, मेहकरावरून डोणगावच्या अलीकडच्या आमच्या खेड्यापर्यंत. तोवर आम्ही पाहिलेल्या मोटारसायकली म्हणजे लोखंड आणि पत्रा. ही जपानी बनावटीची, लाल रंगाची, अंगानं सडपातळ. सीटखालची दोन्ही बाजूंची झाकणं प्लास्टिकची होती. त्यांना साइड कव्हर म्हणतात, हे गावात फक्त मला माहीत होतं, कारण मी बुलढाण्याला आयटीआयमध्ये फिटर होत होतो. वडिलांनी बोटाच्या पेरानं कव्हर वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "जावाईबापू, हे तं बादलीवानी वाजते!" भाऊजी हसले. ते मनानं मोकळे होते. कापसाच्या आडतीवर कामाला असूनही त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही.

जेवताना आमरसाची दुसरी वाटी चालू असताना ताईनं विचारलं. "म्या चालवली तं चालन का गाडी?" आई वाढता वाढता थांबली. त्या काळात आमच्या भागात बाईनं मोटारसायकल चालवणं म्हणजे बाईनं नांगर धरण्यासारखंच. पण भाऊजी म्हणाले, "काऊन नाई? मलकापूरले गेलो का स्टेशनामागच्या पडीत शिकवतो." वडील "अहो, काय लागले तिच्या नादी" म्हणत राहिले. ताईनं मान खाली घातली होती, पण मी तिच्या समोरच बसलो होतो. इतका उजळलेला तिचा चेहरा मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता.

जेवण अंगावर आलं आणि भाऊजी ओसरीत आडवे झाले. ऊन उतरलं की निघायचं आणि अंधाराआधी बुलढाणा गाठायचं, असा बेत होता. किल्ली ताईजवळ होती. मी तिच्या मागे लागलो. एकच चक्कर, पाराला वळसा घालून येतो. ती नाही म्हणाली. मग मी, जणू काही मोठा इंजिनियर, तिला सुनावलं की भाऊजींपेक्षा मलाच यंत्रातलं जास्त कळतं. शेवटी तिनं पदराच्या गाठीतली किल्ली काढून दिली. "नदीकडं नको नेऊ रे बाप्पा."

मी नदीकडेच नेली. उताराच्या वळणावर वाळू होती. तिथे ऐटीत वळवायला गेलो आणि उजव्या अंगावर पडलो. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. टाकी, हँडल, दिवा, सगळं शाबूत. फक्त उजवं साइड कव्हर दगडावर आपटलं आणि त्याला वीतभर तडा गेला. गाडी बंद ठेवूनच ढकलत आणली, मागच्या वाटेनं गोठ्यात घातली आणि ताईला हाक मारली.

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं तडा पाहिला, ओसरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "खोल हे." मी पेचकस घातला आणि ओढलं. कव्हर आतल्या रबरी कड्यांमध्ये तीन खुंट्यांनी अडकवलेलं असतं आणि ते सरळ बाहेर ओढायचं असतं. मी तिरपं उचकटलं. एक खुंटी कट्‌कन तुटून माझ्या हातात आली. हा आमचा आयटीआय!

आमच्या घरी फुटक्या बादल्या ताईच सांधायची. प्लास्टिकच्या बादल्या तेव्हा गावात नव्या होत्या आणि फुटली म्हणून कोणी फेकत नसे. उलथणं चुलीत तापवायचं, जुन्या बादलीचा तुकडा भेगेवर धरायचा आणि पाक ओढावा तसा तो वितळवून भरायचा. लग्नाआधी अर्ध्या आळीच्या बादल्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. मीही तेच म्हटलं, आण बादलीचा तुकडा, त्यात काय! गोठ्यातली पाणी तापवायची चूल पेटवून तिनं निळ्या बादलीची एक चकती कव्हरच्या आतल्या बाजूला लावून पाहिली. थंड झाल्यावर नखानं टोकरली तर सालीसारखी सुटून आली. "याची जात निराळी हाय," ती म्हणाली. "त्याचंच त्याले पाह्यजे." मग विळीवर कव्हरच्या आतली, कोणाला न दिसणारी कड तिनं बारीक तासली. त्या काड्या गरम उलथण्याच्या टोकानं तड्यात आतून भरत गेली. एक इंच झालं की फुंकर, मग पुढचा इंच. खुंटीसुद्धा बुडाशी वितळवून जागेवर बसवली आणि निवेपर्यंत हातानं धरून ठेवली. बोटं भाजली असणार.

बाहेरून केसाएवढी रेघ राहिली होती. बस. धुळीनं माखलेल्या गाडीवर ती कोणाला दिसलीही नसती. "आता याले हात लावू नको," असं सांगून ताई भाऊजींसाठी चहा ठेवायला आत गेली.

मी हात लावला. आजही मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, पडण्याचं नाही. पडायचं ते कोणीही पडतं. पण माझ्या बहिणीनं चुलीवरच्या उलथण्यानं जे केलं, त्यापेक्षा सरस काम करून दाखवायची खुमखुमी मला आली. रेघही नको म्हणून मी तापलं उलथणं बाहेरच्या बाजूनं फिरवलं. लाल रंगाला फोड आले, मग तो तपकिरी झाला, मग काळा. दोन मिनिटांत तळहाताएवढा डाग. आता काय? गोठ्याच्या कोनाड्यात पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेल्या लाल रंगाचा डबा होता. आठ महिन्यांत तो घट्ट झाला होता. मी त्यात रॉकेल ओतलं, काडीनं ढवळलं आणि कव्हरला फासलं. लांबून बरं दिसलं. कव्हर दाबून बसवलं, गाडी अंगणात आणून लावली, रॉकेलनंच हात पुसले.

रॉकेल घातलेला रंग असा तासाभरात वाळतो होय? भाऊजी निघायला उभे राहिले ते पांढरी पँट घालून. किक मारली आणि त्यांची पोटरी कव्हरवर घासली. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. खाली उतरून पाहतात तर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोळा! त्यांनी वाकून कव्हरला बोट लावलं. रंगाखालचा फोड बोटाला लागला. अंगणात आई होती, वडील होते, निरोप द्यायला जमलेल्या चार बायका होत्या. भाऊजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांना रॉकेलचा वास मारत होता आणि ते हात मी पाठीमागे धरले होते.

"माह्या हातून पडली," ताई म्हणाली. "सावलीत लावाले गेली, तं स्टँड सुटला. मंग म्याच सांधलं अन्‌ रंग लावला."

वडील तिच्यावर कडाडले. लग्न झालं तरी वेंधळेपणा गेला नाही, जावयाची नवी गाडी, माणसानं तोंड कसं दाखवायचं. ताई उभी राहून ऐकत होती. एकदा, फक्त एकदाच, तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा वाटलं की ती मला गप्प राहा म्हणून खुणावते आहे. सोयीचा अर्थ लावण्यात मी पटाईत होतो. भाऊजी म्हणाले, "जाऊ द्या बुवा, वस्तूच हाय," आणि तिला मागे बसवून घेऊन गेले.

पुढल्या आखाजीला ती एसटीनं आली. मी सहज म्हणून विचारलं, शिकलीस का गाडी? ती म्हणाली, "सासूबाई म्हंतात, जिले उभी गाडी धरता नाई आली, ते चालती कशी धरन." हे ती हसून म्हणाली. तिच्या सासरी हा विनोदच होऊन बसला होता. कोणी पाहुणा आला की सासू तो सांगायची, गाडीजवळून जाताना तिला दटावायची आणि भाऊजीही, आईपुढे कोण बोलणार, शिकवायचं नाव काढेनासे झाले. मी तेव्हा सांगू शकलो असतो. ताई माझ्यासमोर बसून शेंगा फोडत होती आणि वडील ओसरीत होते. मी विषय बदलला. नंतर नोकरी लागली, मग लग्न झालं. मी मलकापूरला जात-येत राहिलो. ती लाल गाडी प्रत्येक वेळी दारात असे, त्या डागासकट. मी डाव्या बाजूनं घरात शिरत असे.

बारा-तेरा वर्षांनी भाऊजींनी गाडी विकली. मी गेलो तेव्हा दार मोकळं होतं. सासूबाई वारल्या होत्या, आमचे वडीलही नव्हते. आता कोणाचीच भीती उरली नाही म्हणून मला धीर आला, असा मी शूर. चहा पिता पिता मी सगळं सांगून टाकलं. नदीचं वळण, उलथणं, शिंगांचा रंग. जरा गमतीनंच सांगितलं, म्हणजे हसून सुटता येईल.

भाऊजी खरंच हसले. मग थांबले आणि ताईला म्हणाले, "अन्‌ तू काऊन नाई सांगितलं मले?"

ताईनं उलट विचारलं, "मालूम असतं तं शिकवली असती काय गाडी?"

"शिकवलीच असती. मायले कोणत्या तोंडानं सांगू, हेच तं अडलं होतं."

ताईनं माझ्यापुढची रिकामी कपबशी उचलली. मी म्हटलं, ताई, चुकलं माझं. तिनं मान हलवली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"दर आखाजीले वाटे," ती म्हणाली, "औंदा सांगशीन तू."