वसुधाताईंचा क्रांतिकारक

नाटक संपतं, कपडेपट परत जातो, किस्से मात्र कायमचे आपल्याच घरी मुक्कामाला येतात! आमच्या बडोद्याच्या हौशी मंडळाचं तसंच झालंय. एका क्रांतिकारकावरचा जुना गाण्यांचा सिनेमा आम्ही सगळ्यांनी लहानपणी पाहिलेला. त्याच हुतात्म्यावर आम्ही संगीत नाटक बसवलं. दिग्दर्शक मी. आणि ऐन वेळी हिरोची बदली झाली, थेट सुरतेला!

सगळे डोक्याला हात लावून बसलो. कोरसमधल्या वसुधाताई उठल्या. वय पंचावन्न, बँकेत ऑफिसर. म्हणाल्या, "मिशी आणा. मी उभी राहते."

आम्ही हसलो. मग त्यांनी पहिलं पद म्हटलं, आणि हसणं तिथल्या तिथे बंद!

*

ताईंना खरीच बेडी हवी होती. प्लास्टिकची म्हणे पायाला खोटी लागते, मग चालही खोटी पडते. मांडवीच्या बाजारात गेलो. दुकानदाराला वाटलं, गोठ्यासाठी साखळी हवी असेल.

"भेंस माटे के गाय माटे?"

ताई स्वतःकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाल्या, "मारा माटे!"

*

तालीम गोत्रीला, ताईंच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये. एका संध्याकाळी चेअरमन हसमुखभाई तणतणत आले. आवाजाची कम्प्लेंट! ताई तेव्हा आईचा निरोप घेण्याचं पद म्हणत होत्या. हसमुखभाईंना मराठी येत नाही. तरी ते थबकले. चपला काढल्या. पद संपेपर्यंत तसेच उभे!

मी घाबरत विचारलं, "भाई, बंद करू?"

डोळे पुसत म्हणाले, "ना, ना! काले पण आ ज टाइमे ने?" म्हणजे, उद्याही याच वेळेला ना!

*

पहिल्याच प्रयोगात, कोर्टाच्या सीनमध्ये ताईंची मिशी सुटली! अर्धी ओठावर, अर्धी हवेत. विंगेत मी डोळे मिटून घेतले. आता हशा, आणि सगळं संपलं!

ताईंनी मिशी उपटली, न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवली आणि गरजल्या, "ही पण जप्त करा!"

हसलं कुणीच नाही. टाळ्या मात्र थांबेनात! पुढचा सगळा अंक त्या बिनमिशीच्या होत्या. नंतर विचारलं, तर अर्ध्या लोकांना ते आठवतसुद्धा नव्हतं.

*

जेलरचं काम ताईंचे मिस्टर माधवराव करायचे. रिफायनरीतून रिटायर झालेले, भरदार आवाज. शेवटच्या प्रवेशात त्यांना एकच वाक्य होतं, "वेळ झाली." तालमीत ते वाक्य नुसतं खणखणायचं.

त्याच पहिल्या प्रयोगात ताईंनी कोठडीतलं शेवटचं पद संपवलं आणि हसून वर पाहिलं. माधवराव दारात उभे. बोलेचनात!

मी विंगेतून कुजबुजलो, "वेळ झाली." पुन्हा जरा मोठ्याने, "वेळ झाली!"

त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

ताई उठल्या. दोन पावलं पुढे आल्या, माधवरावांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हणाल्या,

"वेळ झाली ना, साहेब? चला. मी आहे तुमच्याबरोबर."