दारातली भिक्षा

दादा जिवंत असताना मी त्याच्या मरणाचा कागद आणला. खोटा नव्हे, चांगला शिक्क्याचा.

बाबा गेल्यावर दिल्लीतला मयूर विहारचा फ्लॅट माझ्या नावावर करायचा होता. सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, "और भाईसाहब?" भाईसाहेब बारा वर्षांपूर्वी संन्यास घेऊन गाझियाबादच्या एका मठात बसलेले. वकील म्हणाले, विधिवत संन्यास घेतला असेल तर कायद्याने तो घराला मेला, वारसाहक्क उरत नाही. दीक्षेच्या वेळी त्याने स्वतःचं श्राद्ध घातलं, असं मठाचं पत्र आणा.

मी गेले. वाटलं होतं, आढेवेढे घेईल. तर त्यानेच महंतांकडून पत्र आणून दिलं. प्रवचनं करायचा तो, लोक भरभरून दक्षिणा द्यायचे, ती सगळी मठाची. "घर तुझंच गं," म्हणाला. इतकं हायसं वाटलं, की परतताना मेट्रोत मी गाणं गुणगुणत होते. सांगायला लाज वाटते.

तीन वर्षांनी भर दुपारी बेल वाजली. दारात दादा. भगवं नाही, कुणाचातरी ढगळ शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पार वाळलेला. "मठ सोडला," एवढंच म्हणाला. निघताना त्याला कोण काय देणार, तिथे त्याचं काही नव्हतंच. मग उंबऱ्याबाहेर गप्प उभा राहिला. इतक्या वर्षांत मागायची तेवढी एकच रीत त्याच्या अंगवळणी पडली होती.

मला सगळं कळलं. दुधखुळी नाही मी. पण आत घेतलं तर हा राहील, राहिला तर हिस्सा मागेल, हेच डोक्यात. मी आतून पोळीभाजी आणली आणि संन्याशाला वाढतात तशी त्याच्यापुढे धरली. वर पायाही पडले. काय म्हणावं मला.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून पंचा काढला, त्याची झोळी केली, भिक्षा घेतली आणि मागे न बघता जिना उतरला.

त्यानंतर त्याचा पत्ता नाही. मठात विचारलं, धर्मशाळा पालथ्या घातल्या. पितृपक्षात गुरुजी विचारतात, भावाचं करायचं का? मी नाही म्हणते. मेलाय म्हणून एकदा लिहून दिलं, तेवढं पुरे.

दुपारी बेल वाजते. कधी खरी, कधी नुसती माझ्या कानात. परवा दार पुरतं उघडायच्या आधीच मी मराठीत म्हणाले, "बाहेर का उभा, आत ये ना." कुरिअरवाला दोन पावलं मागे सरकला.