मोंघीच्या हातचा तागा

जेतपूरला भादर नदीच्या काठी आमचा कापड धुण्याचा कारखाना आहे. कोरा सुती तागा कॉस्टिकमध्ये उकळायचा, मग ब्लीचिंग पावडरच्या टाकीत बुडवायचा, शेवटी तेजाब आणि साधं पाणी. टाक्या बायकांच्या हाती. ज्या घरात मयत झाली त्या घरच्या बाईने बारावं होईपर्यंत टाकीला हात लावायचा नाही, नाहीतर कापड पिवळं उतरतं, असं इथे सगळे मानतात. मी मानत नव्हते. असल्या गोष्टींचा मला राग येतो.

मोंघी पोरबंदरची, दर्यावर्दी खारव्यांच्या घरातली. नवरा जेसंग गलबतावर खलाशी. होळीनंतर दुबईला म्हणून निघालेलं ते गलबत कुठे लागलंच नाही. गलबतवाल्याचा माणूस म्हणे, वाट बघा. मोंघी वाट बघत होती, आणि तीही ठसक्यात. हातभर लाल बांगड्या, कपाळावर कुंकवाचा हा एवढा चांदला. कोणी हळहळलं की फाडकन म्हणायची, "तुझा घरी बसलाय ना, त्याची काळजी कर."

श्रावणात एका सकाळी तिचा तागा पिवळा उतरला.

तेच पाणी, तीच पावडर, शेजारच्या टाकीतला माझा तागा स्वच्छ पांढरा. मुकादम मावजीभाई म्हणाले, "पावडर शिळी असेल." नवं पोतं फोडलं. पुन्हा पिवळा. मग आम्ही टाक्या बदलल्या. तिच्या टाकीत माझा पांढरा आला, माझ्या टाकीत तिचा पिवळा. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

जीवीमा आमच्यातली सगळ्यात म्हातारी. ती मोंघीच्या बांगड्यांकडे बघत राहिली.

"काय बघतेस, मा?"

"घरी जा, बेटा. बारावं झालं की ये."

"कुणाचं बारावं? नाव घे की. जीभ का अडली?"

जीवीमा आपल्या टाकीकडे वळली. मोंघीने तोच तागा परत टाकीत ढकलला. तो पांढरा आला तर जेसंग जिवंत, हे ती बोलली नाही, पण आम्हा सगळ्यांना कळलं. तिने पावडर दुप्पट केली, मग त्याहून जास्त. आमचे घसे जळायला लागले. ती तागा काढायची, उन्हात धरायची, परत बुडवायची.

"अगं, कापडाचा जीव जाईल," मावजीभाई म्हणाले.

"जाऊ दे."

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "पावडर आहे ती," ती मला म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

दुपार कलल्यावर तागा पांढरा उतरला. इतका पांढरा की बघवेना. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? आम्ही दोघींनी टोकं धरून तो दोरीवर टाकायला उचलला, आणि तो मधोमध तुटला. आवाजसुद्धा झाला नाही. भिजलेल्या पापडासारखा आपल्याच वजनाने गळून पडला. माझ्या हातातलं टोकही बोटांखाली विरत होतं.

"काशी, तू सांग," मोंघी म्हणाली. "पांढरा आहे की नाही?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"पांढराच आहे गं," मी म्हणाले.

तिने बांगड्या वर सारल्या आणि पुढचा तागा टाकीत सोडला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मोंघी अजून लाल बांगड्या घालते. तिच्या हातचा तागा अजून पिवळाच उतरतो. आम्ही तो आमच्यात घेतो आणि आमचा पांढरा तिच्या दोरीवर टाकतो. तेवढा वेळ ती नदीकडे तोंड करून उभी राहते.